एक, तीन, पाच

टॅबलेटांचा खोका ऑक्टोबरात आला
कोळशाच्याच ट्रकमधून, पोत्यांच्या आडून.
हेडमास्तर तालांत यांनी पावतीवर माझी सही घेतली
आणि म्हणाले, बुरुल एजे, जपून.
मी जपलं.
कपाटात, कुलपात, किल्ली गळ्यात.
नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला,
एकालाही ओरखडा नाही.

खोटं कशाला बोलू, भीती मोडण्याची नव्हतीच.
नारिनच्या वरच्या अंगाला, या एका फळ्यासमोर
एकतीस वर्षं उभी आहे.
पाठमोरी असले तरी ओळखते
कोण कुणाला चिमटा काढतंय ते.
आणि त्या काळ्या काचेवर बोट कुठे ठेवायचं
हे नववीतल्या पोरांना ठाऊक,
मला नाही.

जानेवारीत फेकलेल्या वस्तूचा धडा.
दरवर्षीसारखी कमान काढली,
एका झटक्यात, खडू न उचलता.
या कमानीचं खालच्या गावातसुद्धा नाव आहे.
एर्मेक, मेंढ्यांमागे अर्धं वर्ष बुडवणारा,
मागच्या बाकावरून म्हणाला,
"एजे, खरंच अशी जाते का ती?
तुम्ही पाहिलीय?"

वर्ग गप्प. शेगडीत कोळसा तडकला.
पुस्तकात आहे, हे अगदी जिभेवर आलं होतं.
म्हटलं, "नाही रे. डोळ्यांना कुठली सापडायला?"

आणि गळ्यातली किल्ली काढली.

बटण कुठलं ते झिबेकने दाखवलं.
माझं बोट धरून,
जसं मी एकदा तिच्या आईचं धरलं होतं
पेन्सिलीवर.
एर्मेकच्या खिशात मेंढीच्या घोट्याचं हाड,
खेळातलं, लाल रंगवलेलं.
त्याने ते खिडकीकडून दाराकडे भिरकावलं.
जेमतेम एक सेकंद. त्याचे साठ तुकडे.

चित्र पांढऱ्या भिंतीवर पाडा, असं माहितीपत्रकात होतं.
आमच्याकडे पांढरी भिंत नाही.
मी उजेड फळ्यावरच पाडला,
कमानीच्या शेजारी,
आणि दर पाचव्या तुकड्याला
हाडावर खडूचा ठिपका दिला.
पुढे, झिबेक. ठिपका. पुढे. ठिपका.
माथ्यापासून खाली पट्टी लावली:
एक. तीन. पाच.
सातच्या जागी सव्वासहा,
फळा आमचा थोडा पोक काढून आहे.

तेवढ्यात वीज गेली, जानेवारीत जाते तशी.
हाड गेलं, प्रोजेक्टरचा पंखा घरघरत थांबला.
खिडकीतून बर्फाचा निळसर उजेड
आणि त्यात, फळ्यावर, ठिपके.
माथ्याशी दाटीवाटीने रेंगाळलेले.
माझी कमान तिथे टोकदार.
एकतीस वर्षं
मी त्या वस्तूला वर पोचल्यावर
श्वाससुद्धा घेऊ दिला नव्हता.

कुणी हसलं नाही.
मी डस्टर घेतलं, कमान पुसली.
ठिपके राहू दिले.
पांढरी धूळ बाहीवर, नेहमीसारखी.

किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला असते.
पहिल्याच आठवड्यात एका काचेला तडा गेलाय.
तालांत विचारतील तेव्हा सांगीन.
एर्मेक हाड परत मागतो आहे,
त्याचा डाव अर्धा राहिलाय.
म्हटलं, परवा ने.
उद्या ते छपरावरून टाकायचंय,
आणि वर मी चढणार आहे.