वाटीचं वजन

लोहार चाळीतून साडेसातशेला आणलेला काटा
ओट्यावर ठेवला, तेव्हा शालनकाकींनी त्याच्याकडे पाहिलं
जावई बूट घालून स्वयंपाकघरात आला तर पाहावं, तसं.

अंधेरीच्या ऑफिसची ऑर्डर होती. चारशे बेसनलाडू,
प्रत्येकी पस्तीस ग्रॅम, कृती लेखी हवी.
ठाकूरद्वारच्या ह्या दहा बाय बारात
उधारी सोडून कोणी कधी काही लेखी मागितलं नव्हतं.

मी बारावी सायन्स, म्हणून वही माझ्याकडे.
'बेसन किती, काकी?'
'पाच वाट्या.'
'कुठली वाटी?'
'वाटी ती वाटी. कुठली काय?'

पिठाच्या डब्यात कायम गळ्यापर्यंत बुडालेली ती,
स्टीलची, काठाला पोचा.

अलगद भरलं तर ब्याण्णव ग्रॅम.
ओट्यावर दोनदा आपटली तर एकशे दहा.
काकी एकदाच आपटतात, तेही अर्धवट,
कारण तेवढ्यात फोन वाजतो.
मी एकशे एक लिहिलं.
रवा एकशे अडुसष्ट.
पातळ पोहे शिगोशीग भरले, काटा म्हणाला चाळीस.
'दिसायला केवढे!' काकी म्हणाल्या,
'अगदी आमचे धाकटे दीर.'

तूप?
'लागेल तेवढं.'
लागेल तेवढं ह्याचे मी तीन दिवस ग्रॅम करत होते.
सोमवारी तीनशे दहा. मंगळवारी दोनशे नव्वद.
बुधवारी चौपाटीकडून दमट वारा आला
आणि मिठाच्या बरणीपासून माझ्या केसांपर्यंत
सगळ्यांनीच थोडं वजन वाढवलं.
'बेसनाला विचार ना,' त्या म्हणाल्या, 'मला काय विचारतेस?
भाजत आलं की कलथ्याला हलकं लागतं.'

मी हट्टाला पेटून गरम कढई काट्यावर ठेवली.
काच तडकली. (ती चीर अजून आहे, आठाच्या पोटातून जाते.)
सुरुवातीपेक्षा फक्त अकरा ग्रॅम कमी.
त्यांच्या मनगटाला मात्र निम्मं झालेलं.

संध्याकाळी वाटी घासताना पालथी केली.
तळाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. यमुना मा. चुरी, १२-५-७१.

'यमुना कोण?'

काकी बराच वेळ लाडू वळत राहिल्या.
'शेजारची. सांदणं घेऊन आली होती ह्यातून.
रिकामी वाटी परत देऊ नये, म्हणून ठेवली.
उद्या काही करू, परवा काही करू,
तोवर चाळ पाडायला आले.
ती माणसं वसईला गेली की विरारला, कोण सांगणार.'

म्हणजे इतकी वर्षं
आम्ही सगळं तिच्याच मापानं करत होतो,
आणि मला ती दिसलीच नव्हती, कारण
काट्याची रीतच तशी. आधी रिकामी वाटी ठेवायची,
अठ्ठावन्न दिसतात,
मग बटण दाबायचं, शून्य होतं.
त्यानंतर जे पडेल तेवढंच मोजायचं.

चारशे लाडू मोजून खोक्यांत गेले.
वर तीन उरले.
काकींनी ते वाटीत ठेवले
आणि वाटी काट्यावर. बटण दाबू दिलं नाही.

एकशे त्रेसष्ट.

'हे लिही,' म्हणाल्या.
कुठल्या रकान्यात, ते सांगितलं नाही.