तीन नंबरचा मरून

नळ पाचव्या दिवशी येतो आमच्याकडं,
म्हणून कपड्यांचं शेवटचं पाणी
बादलीत राखून ठेवलं होतं.
निळसर, अजून थोडं फेसाळ.
गाडीला तेवढं पुरे.

बावीस हजारांची स्प्लेंडर, एमएच तेरा.
चावी देताना राजेशम येमूल म्हणाले होते,
"पुसली की नवी दिसती बघा, ताई."
पुसली.
नाही दिसली.

आज रविवार. पिग्मीची पिशवी खुंटीला
आणि मी अंगणात पाटावर, पदर खोचून,
हातात घरातला सगळ्यात म्हातारा टूथब्रश,
वाटीत डिझेल.

चेनवर नुसतं ग्रीस नव्हतं, कापड होतं:
वंगण, त्यात सुताचं तूस,
वर पुन्हा वंगण, पुन्हा तूस.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
मागांच्या दाराशी रोज उभी राहिलेली गाडी
दुसरं काय अंगावर घेणार?
खिळ्यानं खरवडलं तर लांबच लांब वळी निघाली.
मांजरानं पळवली, हुंगली,
टाकून दिली.

सायलेन्सरला वितळून चिकटलेली पिशवी,
तिच्यावर उलटं उमटलेलं अर्धं नाव
कुठल्यातरी शेंगाचटणीचं.
मडगार्डखाली काळी माती, भाजून वीट झालेली.
ही कुठल्या रानातली?
येमूल तर म्हणाले होते, घर आणि कारखाना, बास.
मला काय करायचंय.
ती भिजेस्तोवर चहा घेतला.

राहिला एकच डाग.
टाकीवर, पेट्रोलच्या झाकणाशेजारी,
बोराएवढा.
डिझेल झालं, लिंबू झालं, राख झाली,
टूथपेस्ट, कोणी बघत नाही असं पाहून थुंकीसुद्धा.
भिंतीवरून रेहानाभाभींनी
नेलपॉलिश काढायची बाटली दिली.
टाकीची चकाकी गेली. डाग राहिला.

चारच्या सुमारास येमूल आले,
नावावर करायच्या कागदांवर सह्या राहिल्या होत्या.
गाडीभोवती एक चक्कर मारली,
चमकलेल्या रिमकडं बघितलंही नाही.
डागावर अंगठा ठेवला.
बरोबर बसला.

"हे मळ नव्हे ताई.
तीन नंबरचा मरून हाय. चादरीचा.
डायिंगमधनं सुटलो की पंपावर,
झाकण उघडताना हात हितंच टेकायचा.
सोळा वर्षं."

"घासू नका," असं काही म्हणाले नाहीत.
सह्या केल्या तीन ठिकाणी, सावकाश.
तेव्हा दिसलं,
नखांच्या कडा स्वच्छ होत्या,
शाळेच्या पोरासारख्या.
डायिंग बंद पडून वर्ष होत आलं म्हणे.
पाणी नको म्हणाले,
"आज तुमचा नळ न्हाई की."
आणि रिक्षाच्या थांब्याकडं चालत गेले.

ब्रश डिझेलमध्ये तसाच राहिला,
त्याचे केस विरघळले रात्रीतून.

सोमवारी वसुलीला निघताना पंपावर थांबले.
पोरगा झाकणाशी वाकला,
"डाग पडलाय बघा हितं."
म्हटलं, शंभरचं टाक.