सरळ रेषेतलं विमान

भागवत बोंड्यानं फोनवर काढून दाखवलं:
मुंबई ते ग्वायाकिल, साडेसोळा हजार किलोमीटर,
उड्डाणाचा वेळ अठरा तास.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
हे सरळ रेषेतलं अंतर, थेट विमान नाही.

म्हणजे जे विमान नाहीच
त्याचा वेळ दिला होता.

रेघ सरळ म्हणे, पण काढलेली वाकडी,
अरबस्तानावरून चढून स्पेनवरून खाली, समुद्रात.
कोकिळा चष्मा पुसत म्हणाली, "हे त केळं दिसते."

मी एकतीस वर्षं सावद्याच्या मालधक्क्यावर
दिल्लीच्या वॅगनी भरून दिल्या.
मला किलोमीटर कळत नाहीत, रंग कळतो.
खंडव्यापर्यंत घड हिरवागार.
इटारसीला गाडी अडकली की आझादपूरहून शिव्या यायच्या,
आणि मी वहीत लिहायचो: उशीर आठ तास, माल पिवळा.

हेमांगी तिकडे केळीच्या मुळांचा रोग बघायला चालली.
तिथेही म्हणे मैलोन्मैल बागाच, यावल-रावेरसारख्या,
फक्त पाटाला पाणी सोडणारा माणूस स्पॅनिश बोलतो.
बॅगेत बिबड्या. कोकिळेनं तीन पिशव्यांत बांधलेल्या,
कुठल्याशा साहेबानं उघडून वास घेतला तर घेऊ दे.

परवा रात्री आठला ती मुंबईहून उडाली.
तिचं खरं विमान ॲमस्टरडॅमला थांबलं,
मग कुठल्याशा डोंगरातल्या गावी. एकूण चौतीस तास.
आमच्या वॅगनीला दिल्लीपर्यंत
एवढाच वेळ लागायचा, सिग्नल मिळाले तर.

मी मात्र त्या दुसऱ्या विमानात बसलो होतो.
त्याला तिकीट नाही, खिडकी नाही,
कुणी पाणी आणून देत नाही.
काल दुपारी दोनला, कोकिळा बट्ट्या तळत असताना,
मी ग्वायाकिलला उतरलो.
तिथे पहाटेचे साडेतीन. फरशी पुसणारा एक माणूस,
बंद दुकानं, आणि एका बाकावर मी,
भुसावळच्या फलाटावर बसतो तसा,
चपला काढून, पाय वर घेऊन.

सोळा तास.
मधे इकडे जेवलो, झोपलो असं कोकिळा सांगते.
रात्री तिनं एकदा विचारलं, "आता कुठी असीन ती?"
मी म्हटलं, अजून बाहेर आली नाही.

फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळचे सहा.
"पप्पा, इथे अजून कालच आहे," ती म्हणाली,
"संध्याकाळ. घाम येऊ राहिला नुसता."

मी जुनी वही काढली, मागचं कोरं पान.
पोहोच मिळाली. उशीर सोळा तास.
आवाज थोडा दबलेला.
माल हिरवा.

कोकिळा खांद्यावरून वाकून बघत होती.
"जेवली का," ती म्हणाली, "ते लिही ना."