लिंबाचा कल

दारव्ह्याच्या सातच्या गाडीत
स्पीडोमीटरचा काटा कधीचाच मेला होता,
शून्यावर आडवा.
मोतीराम कुळसंगे काका काचेवर टिचकी मारून म्हणायचे,
"गाडी पयते, आन् हा म्हणते आपण स्टँडातच हावो."

मी अकरावीला, सायन्स.
जागा ठरलेली: इंजिनच्या तापल्या डब्याशेजारी,
दप्तर मांडीवर.
समोर दांडीला टांगलेलं शनिवारचं लिंबू
आणि सुकत चाललेल्या सात मिरच्या.
गाडी उभी असली की दोरा ओळंब्यासारखा सरळ.
निघाली की लिंबू मागे कलायचं,
जसं काही त्याला कॉलेजात जायचंच नव्हतं.

एका सोमवारी कंपासपेटीतून कोनमापक काढला.
सहा अंश.
काकांचा पाय एका जागी होता तोवर
सहाच.
टॅन काढली, नऊ पॉइंट आठनं गुणलं,
आलं एक, थोडं मागेपुढे.
म्हणजे दर सेकंदाला
वेगात एका मीटरची भर,
पुढच्या सेकंदाला अजून एक,
दूधवाल्याच्या खात्यासारखी, रोज तेवढीच.

मग काय, सेकंद मोजायचे नि गुणायचं.
पहिल्या गिअरात तीन.
क्लच दाबला तसं लिंबू भांबावून झुललं,
ते सोडून दिलं.
दुसऱ्यात पाच.
तीन आणि पाच आठ,
छत्तीसनं गुणा, दहानं भागा.
"काका, एकोणतीस!"
"कायचे एकोणतीस?"
"तासाला किलोमीटर."
"लिंबानं सांगतलं?"

तिसऱ्यात गाडी एकसारखी धावू लागली.
दोन्हीकडे पऱ्हाटी मागे जात होती
आणि दोरा पुन्हा सरळ,
स्टँडात होता तसाच.
"मंग आता आपण थांबलो का व पोट्टे?"
नाही काका. त्याला वेग कळत नाही,
वेग बदलला की तेवढंच कळतं.
काका पुलापर्यंत गप्प.
"म्हणजे हे बी काट्याचंच भाऊ निंघालं."

फाट्यावर बकऱ्या आडव्या आल्या.
लिंबू पुढे झुकलं, दुपटीनं.
उणे दोन, चार सेकंद,
उणे आठ.
आठातून आठ गेले
आणि गाडी खरोखरच उभी राहिली,
म्होरक्या बोकडापासून हातभर.
वहीत मी बरोबरची खूण केली.
मागून कंडक्टर सुनंदाताई ओरडल्या, "कोन हाये मंधात?"

एकदा मात्र डोळा लागला.
जाग आली तेव्हा लिंबू कललेलंच होतं.
सहा सेकंद मोजले, सहा मीटर मिळाले,
पण मिळवू कशात?
झोपेत किती वेग जमला होता, विचारायचं कुणाला?
सहाचा आकडा हातात घेऊन
मी दारव्ह्यापर्यंत बसून राहिले,
सुट्टे पैसे असावेत
आणि पाकीट घरी राहावं, तशी.

दिवाळीनंतर डेपोत नवा काटा बसला.
फाट्यापुढे, दुसरा गिअर संपता संपता,
तो थरथरत तिसाजवळ जातो.
काका त्याच्याकडे बघतात,
पण आधी
माझ्याकडे.