शंटिंगचं इंजिन

दीपनगरच्या चिमणीकडे तोंड करून
बाबा खाटेवर पालथे, पाठीवर ओला पंचा.
सुपडू तायडे, कोळसा विभाग, एकतीस वर्षं;
निरोपाचं घड्याळ अजून खोक्यातच.
आई दोरीवरच्या कपड्यांची राख झटकते.

"त्या धुराचं तू इंधन करते म्हने?"

धुराचं नाही, बाबा.
दिसतो तो धूर. मला हवा तो वायू दिसत नाही.
मधे कार्बन, दोन्ही हातांना ऑक्सिजन धरलेला,
पंगतीतून भरल्या पोटी उठलेल्या माणसासारखा;
कुणी काही वाढायला आलं
की पानावर हात आडवा.

म्हणून मी धातूच्या अंगाला हायड्रोजन बसवते.
साधा नव्हे,
एक इलेक्ट्रॉन जादा घेऊन आलेला,
कधी एकदा देतो असं झालेला.
धातू त्याला कार्बनच्या दारात सोडतो
आणि रिकामा मागे येतो, पुढच्यासाठी.

"मंग त्या धातूले काय भेटते?"

काही नाही.

बाबा कुशीवर वळले.
भुसावळच्या यार्डात रात्रभर खडखडतं ते इंजिन,
डबा लावून देतं, मागं सरतं,
स्वतः कुठल्याच गावाला जात नाही.
"शंटिंगवालं," ते म्हणाले.
पाच वर्षं मी हे इतकं नीट कुणाला सांगू शकले नव्हते.

जळगावला काचेच्या बंद पेटीत
रबरी हातमोज्यांतून मी त्याला सांभाळते.
हवेचा एक श्वास लागला की संपला.
मंगळवारी वीज गेली, चाळीस मिनिटं.
सहा आठवड्यांची पिवळी भुकटी
तपकिरी होताना बघत उभी राहिले.
हे मात्र बाबांना सांगितलं नाही.
वीज त्यांच्या घरची आहे, त्यांना लागलं असतं.

"निंघालं का मंग काही?"

निघालं. थोडं फॉर्मिक आम्ल.
लाल मुंगी चावल्यावर झोंबतं ते.

"येवढ्या चिमणीतून मुंगीचा डंख!"
हसता हसता त्यांना खोकला आला, जुना,
कोळशाच्या पट्ट्यावरचा.
थांबेपर्यंत मी भिंतीकडे बघत राहिले.

अजून दोन पायऱ्या, मग मिथेनॉल.
त्याच्यावर चूलही पेटेल.

"आन् पेटल्यावर?"
पुन्हा तोच वायू.
"मंग?"
मग पुन्हा धातू. पुन्हा दार.
हायड्रोजन तेवढा उन्हाच्या जोरावर काढायचा,
नाहीतर सगळा हिशेब खोटा.

"उनाची काय कमी आपल्याकडं."
पंचा एव्हाना कोरडा खडखडीत झाला होता.
बाबांनी तो ओढून माझ्या हातात दिला,
बादली खाटेखालीच होती.