मुस्तिक्कीचं तळं

डॉक्टर म्हणाले, नव्या खुब्याला एक किलोमीटर पुरे.
पाटीवर लिहिलंय : तळ्यापर्यंत सहाशे मीटर.
म्हणजे जाऊन येऊन बाराशे.
"वरचे दोनशे गायीच्या नावावर मांड," ओइवा म्हणाले.
कुठली गाय, हे मी विचारलं नाही.
सासऱ्यांच्या बोलण्यात गायी येत-जात असतात,
गोठा रिकामा होऊन तीस वर्षं झाली तरी.

सप्टेंबर. दलदलीवरून दोन फळ्यांची वाट,
एका वेळी एकच माणूस मावेल एवढी.
तेव्हा ते पुढे, मी मागे,
तोल गेलाच तर धरायला हात पुढे केलेला,
ते वळले की तोच हात खिशात.
बूट घसरू नयेत म्हणून फळ्यांवर
कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलीय.
काठीचं टोक तिच्यात अडकतं.
ते काठीला शिवी घालतात,
चर्चमध्ये घालावी तशी, ओठांतल्या ओठांत.

मग झाडं मागे सरतात
आणि तळं.
मोठं नाही. या काठाला कुणी खोकलं
तर त्या काठाने "बरं नाही का?" विचारावं, एवढंच.
पाणी काळं, पण ओंजळीत घेतलं की
पातळ चहाच्या रंगाचं.
वारा नाही.
एक पाणबुड्या होता, बुडाला.
मी मोजायला लागले.
एकोणचाळीसला वर आला,
मी बघत होते तिथे नाही.

काठावर नगरपालिकेचा नवा फलक.
ओइवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला
आणि सरकारी आवाजात वाचलं :
मुस्तिक्कीलाम्पी. परिसरात विपुल आढळणाऱ्या
मुस्तिक्का, अर्थात निळ्या रानफळांवरून हे नाव पडले असावे.
असावे, ते म्हणाले,
आणि हसायला लागले.
हसताना खुबा दुखत होता, तरी थांबेनात.

"आठ वर्षांचा होतो. गाय हरवली होती.
इथेच उभा राहून तिला हाका मारत होतो.
झाडांतून मोजणीवाला आला, तीन पायांचं यंत्र खांद्यावर.
म्हणाला, पोरा, या तळ्याला काय म्हणतात?
काय म्हणणार? घरी म्हणायचे, तिकडचं पाणी.
पण त्याने पेन्सिलीला टोक काढलं होतं,
आणि पेपरमिंट तर आधीच माझ्या तोंडात होतं."

"मग?"
"तोंडात दुसरं जे होतं, ते सांगितलं.
मुस्तिक्की."

पुढचे दोन हिवाळे, म्हणे,
अंगणात मोटार वाजली की ते माळ्यावर जाऊन बसत.
सरकारला खोटं नाव सांगितलं,
आता नेणार.
कुणी आलं नाही. नकाशा आला,
शाळेच्या भिंतीवर लागला,
आणि त्यात, शाईच्या ठिपक्याएवढ्या निळ्यावर,
त्यांची गाय.

"आणि ती? सापडली?"
"ती? आमच्या आधी घरी. दारात उभी होती,
आम्हीच हरवलो होतो अशा तोंडाने."

मी फलकाभोवती निळी फळं शोधली.
मूठभरही निघाली नाहीत.
म्हटलं, नगरपालिकेला कळवूया.
ते म्हणाले, नको, त्यांनी "असावे" लिहिलंय,
भली माणसं आहेत.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, काठी तिथेच राहिली.
सहाशे मीटर ते काठीविना चालले होते,
आणि दोघांनाही पत्ता नव्हता.
"डॉक्टरांना सांगू नकोस," एवढं बोलून
त्यांनी डोळे मिटले.

मी एकटी परत गेले.
काठी फलकाला टेकून उभी, वाट बघत असल्यासारखी.
ती उचलली.
मागे बघितलं. कुणी नव्हतं.
उगीचच घसा साफ केला
आणि हाक मारली, एकदाच,
शेवटचं अक्षर लांबवून, गोठ्यात मारतात तशी.

पाणबुड्याने मान वळवली,
आणि बुडाला.
या वेळी मी मोजलं नाही.