हमीपत्र

बिघडला होता तो फक्त पाण्याचा बंब.
जुलैची थंडी, ताकुआरेम्बोतलं ते कोपऱ्यावरचं दुकान,
आणि मिसरूडही न फुटलेला विक्रेता
हमीपत्र पुढे सरकवत म्हणाला,
'दहा वर्षं बघायला नको, सेन्योर.'

दार्दोनं तारीख लिहिली.
नावाच्या रकान्यापाशी थांबला.
एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस,
आकड्याला कधी न अडखळणारा,
बोटांची पेरं मोजत राहिला.
'दहा वर्षांनी मी एकाहत्तर,' म्हणाला,
'आणि हा बंब तेव्हाही चालू असणार.'
टोपण लावून पेन परत दिलं.

गाडीत येऊन बसलो. त्यानं किल्ली फिरवली नाही.
काचेवर आमचेच श्वास जमत गेले.
मी म्हटलं, 'चालेल.'
त्यानं काही विचारलंच नव्हतं.

पायाला भिंगरी नव्हती हो आमच्या.
माझी सत्तावीस वर्षं एका शाळेच्या कचेरीत,
दाखल्यांवर शिक्के मारण्यात गेली.
सगळ्यांत लांबचा प्रवास साल्तोपर्यंत, मावशीच्या दफनाला,
आणि तेव्हाही परतीचं तिकीट
मी दर तासाला पर्स उघडून पाहिलं होतं.

त्या रात्री गार पाण्यात भांडी घासताना
बोटं बधिर झाली
आणि मला हसू आवरेना.

शेजारची एल्बिया भिंतीवरून म्हणाली,
'ओफेलिया, कर्जबिर्ज झालंय का?'
डॉक्टरांना वाटलं, दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतलं असणार.
नोएलिया फोनवर बराच वेळ गप्प,
मग म्हणाली, 'आई, आणि माझी खोली?'
चौतीस वर्षांची आहे. माँतेविदेओत स्वतःचं घर आहे तिचं.
याला उत्तर सापडलं नाही मला.
अजूनही नाही.

बेकरीवाल्या सिल्वेरियोची जुनी पावगाडी घेतली.
तीनदा धुतली, तरी आत आंबवलेल्या पिठाचा वास.
पलंग बसवला, स्टोव्ह बसवला,
मातेच्या तुंबडीला एक खिळा.
मांजरानं हे सगळं पाहून
आमच्याआधीच आपलं बस्तान हलवलं,
एल्बियाकडे.

भाडेकरूंसाठी चिठ्ठी लिहायला बसले.
वाटलं, चार ओळी.
मागच्या दाराची कडी आधी उचला, मग ओढा.
उत्तरेचा वारा सुटला की भिंतींना पाणी सुटतं,
घर रडतंय असं समजू नका.
लिंबाला ऑगस्टात राख.
दिवाणखान्यातला तो डाग दारूचा नाही, शाईचा आहे.
(हे का लिहिलं? खोडलं. परत लिहिलं.)
रात्री दोनच्या सुमारास छत एकदा कडाडतं,
आम्ही कधी उठून पाहिलं नाही.
सात पानं झाली.
आठव्यावर लिहायला लागले,
'सकाळी पूर्वेच्या खिडकीत'
आणि पुढे काय ते सांगता येईना.
तेवढंच ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी दार्दो त्याच दुकानात गेला
आणि तोच बंब घेऊन आला.
भाडेकरूंच्या कडेवर सहा महिन्यांची पोर,
तिला गार पाण्यानं कसं चालेल.
हमीपत्रावर त्यानं तिचं नाव घातलं,
फाकुंदोचं नाही, लिसचं नाही,
त्या पोरीचं,
आणि स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं.

पहिली रात्र रिवेरात.
तिथे दोन देशांची सीमा म्हणजे एक रस्ता,
मधे बाग, बाकं, शेंगदाणेवाला.
दार्दोनं हद्दीचा दगड शोधून काढला,
आणि धंद्यातल्या जुन्या ओळखीचा असावा
तसा त्याच्यावर हात ठेवला.
मग सवयीनं पावलं मोजत निघाला,
कधी उरुग्वे, कधी ब्राझील,
ओठ हलतायत, हात पाठीमागे बांधलेले.

दोनशेच्या पुढे कुठेतरी
शेंगदाणेवाल्यानं त्याला वेळ विचारली.
त्यानं सांगितली.
आकडा हुकला, ते मला लांबूनही दिसलं.
क्षणभर दगडाकडे वळून पाहिलं त्यानं
आणि तसाच पुढे चालत राहिला.